सोळावी जोडी

ज्या बाईने पंधरा वर्षं चालत्या बसमध्ये उभं राहून काढली, तिला तोल सांभाळायला शिकवायला जाऊ नये. प्रशिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर पहिल्याच आठवड्यात हे सगळ्यांच्या लक्षात आलं. गुडघाभर उंचीवर एक अरुंद लाकडी पट्टी बसवलेली होती, तिच्यावरून चालत पलीकडे जायचं. बावीस-तेवीस वर्षांची, अंगात रग असलेली पोरं दोन पावलं टाकायची आणि धप्पकन खाली यायची. ही सदतिशीला आलेली, कमरेत जाड, केसांत पांढरं डोकावू लागलेली बाई पट्टीवर चढली आणि स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यावं तशी पलीकडे पोचली. वर सवयीने मागच्यांना म्हणाली, "चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका." मैदानभर हशा पिकला. तेव्हापासून तिचं नाव 'कंडक्टर' पडलं ते पडलंच.

नाव खरंच होतं. शहराच्या बसमध्ये ती कंडक्टर होती. मग बसच्या दारांना तिकिटाची यंत्रं लागली आणि कंडक्टर लोकांना डेपोत खुर्च्या दिल्या गेल्या. तिने आठ दिवस खुर्चीत बसून कागदांना टाचण्या लावल्या. नवव्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "मला शाळेत खेळाची बाई व्हायचंय. एक वर्षाचा कोर्स आहे."

नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. या वयात? पोरांबरोबर उड्या मारणार? नवरा फ्रिज दुरुस्त करायचा, मोजकं बोलायचा. तो म्हणाला, "आमच्या धंद्यात मशीन बंद पडलंय की नुसतं तापलंय, ते आधी बघतात. तू नुसती तापलेली आहेस." आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता तिचा अर्ज स्वतः देऊन आला.

खेळाची बाईच का, असं कुणी विचारलं तर तिच्याकडे उत्तर होतं आणि ते पुस्तकातलं नव्हतं. तिच्या गाडीने रोज चार शाळांची मुलं जायची. तीच मुलं वर्षानुवर्षं. दहाव्या वर्षी पोरगी धावत येऊन गाडी पकडायची, दांड्याला लोंबकळायची, ओरडा खायची. बाराव्या वर्षी तीच पोरगी थांब्यावर आधीच येऊन उभी. तेराव्या वर्षी दप्तर मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेली, खांदे आत ओढलेले, जणू आपण जागा फार व्यापतोय. मुलगेही तसेच, ज्यांना खेळता येतं ते आणखी खेळतात, उरलेले खेळणं सोडून देतात. बारा-तेराच्या वयात पोरांचं धावणं थांबतं आणि ते नेमकं कुठल्या दिवशी थांबलं हे घरच्यांना कळतसुद्धा नाही. तिला कळायचं, कारण ती मोजत असायची. शिक्षणशास्त्राच्या जाड पुस्तकांत मी हे इतक्या साध्या शब्दांत कुठे वाचलेलं नाही.

फक्त एक काटा होता, वयाचा. शाळेत नेमणूक मिळायला अडतीस पूर्ण व्हायच्या आत हातात प्रमाणपत्र लागायचं. तिचा अडतिसावा वाढदिवस निकालानंतर बरोबर दोन महिन्यांनी यायचा. म्हणजे वर्ष वाया गेलं तर पुन्हा बसायची सोय नव्हती. याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. म्हणून ती जीव तोडून शिकली. पहाटे उठून आठशे मीटर पळायची, पहिले दोन महिने शेवटची यायची आणि तिसऱ्या महिन्यात शेवटून तिसरी. त्या दिवशी तिने पोरांना चहा पाजला.

वर्षाच्या अखेरीस छात्रशिक्षकांना खऱ्या शाळेतल्या खऱ्या मुलांवर सोडतात. सहा शनिवार, सातवीचा एक वर्ग, उघड्यावरचा कार्यक्रम. शहराबाहेर एक जुनी दगडखाण होती. खाणीभोवती झाडी वाढलेली, पायवाटा, बांध, पडलेले ओंडके. तिथे सहा थांबे आखायचे. एकावर दोर धरून चढायचं, एकावर ओंडक्यावरून चालायचं, एकावर नकाशा बघून पुढची वाट शोधायची. सहाव्या शनिवारी महाविद्यालयाचे निरीक्षक सर येणार, पाठ बघणार आणि त्यावर पास-नापास ठरणार, हे मुलांनाही ठाऊक असायचं. थांबे हा शब्द ऐकूनच आमची कंडक्टर खूश झाली. तिच्या जोडीला दिलेला छात्रशिक्षक बावीस वर्षांचा होता, सहा फुटांच्या वर, सगळे त्याला लांब्या म्हणत. तो शिट्टी घेऊन पुढे, ती सगळ्यांच्या मागे. लांब्या तिला ताई म्हणायचा आणि मोजण्याची सगळी कामं तिच्यावर ढकलायचा. म्हणायचा, "ताई, तुमचा हात बसलाय त्यात. मी दहाच्या पुढे गेलो की गडबडतो."

मोजायची पद्धत ठरलेली होती आणि ती चांगली होती. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. जोडीदाराशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. जोडीदार दिसेनासा झाला तर शोधत फिरायचं नाही, आहे त्या जागी उभं राहायचं, तो शोधत येईल. लांब शिट्टी झाली की सगळ्यांनी थांबायचं, जोडीदाराचा हात धरायचा आणि दोन्ही हात एकत्र वर करायचे. वर आलेले हात मोजले की काम झालं. एकेक डोकं मोजत बसावं लागत नाही.

वर्गात मुलं होती एकतीस.

पहिल्या शनिवारी जोड्या करायला सांगितल्या तेव्हा एक मिनिटात पंधरा जोड्या तयार झाल्या आणि एक मुलगी उरली. तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं की ती नेहमीच उरत असणार. बारीक अंगाची, मोठे बूट, कुणाच्या तरी मापाचा स्वेटर. चालताना कायम शेवटी, म्हणून वर्गाने तिचं नाव 'शेपटी' ठेवलेलं. पुस्तकात लिहिलं होतं की असं कुणी उरलं तर त्याला एखाद्या जोडीत घालून तिघांचा गट करावा. कंडक्टरने ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण तिने एका जोडीकडे बघितलं आणि त्या दोघींच्या कपाळावर लगेच आठी पडली. ती आठी शेपटीनेही बघितली.

"हिला जोडीदार आहे की," कंडक्टर म्हणाली. "मी आहे. मी सगळ्यांच्या मागे असते, मला एक हुशार माणूस लागतो सोबत."

मुलीने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. एवढंच. पण पुढचे तीन शनिवार ती मुलगी बदलत गेली हे लांब्यालासुद्धा दिसलं आणि लांब्याला एरवी हत्ती समोरून गेला तरी दिसत नाही. दुसऱ्या शनिवारी तिने दोर सोडला नाही. तिसऱ्या शनिवारी ओंडक्यावरून न पडता गेली, पलीकडे पोचून ओरडली, "बाई, बघितलंत?" चौथ्या शनिवारी नकाशा तिनेच वाचला आणि पुढे गेलेल्या चार जोड्या चुकलेल्या वाटेवरून परत बोलावल्या.

पाचवा शनिवार ढगाळ उगवला. नियमाप्रमाणे शाळेतलं एक शिक्षक माणूस सोबत यायला हवं होतं, ते आलं नाही. शनिवारी कोण येतंय? निरीक्षक सरही अधूनमधून चक्कर मारणार होते, पण त्या दिवशी त्यांच्या घरी पाहुणे होते. म्हणजे एकतीस मुलं आणि हे दोघं.

चौथ्या थांब्याच्या पुढे दगडी बांध उतरताना एका मुलाचा पाय मुरगळला. त्याने असा गळा काढला की झाडावरची पाखरं उडाली. कंडक्टर तेव्हा शेवटी होती, ओंडक्यापाशी, मुलीचा हात हातात. "तू इथेच थांब," ती म्हणाली. "या ओंडक्याशी. मी आलेच." आणि बांधाकडे पळाली.

मुलाचा घोटा सुजला होता. तिने पट्टी बांधली, त्याचा हात आपल्या मानेभोवती घेतला, कमरेला धरून उभं केलं. तेवढ्यात भुरभुर पाऊस सुरू झाला आणि गार वारा सुटला. लांब्या म्हणाला, "ताई, उरलेले दोन थांबे सोडू या. सरळ गाडीकडे?" निर्णय बरोबर होता. दोघांनी मुलांना खालच्या जवळच्या वाटेने उतरवलं. गाडीपाशी पोचल्यावर लांब शिट्टी झाली. हात वर आले. पावसात डोळे बारीक करून तिने मोजलं. पंधरा.

पंधरा हाच तिच्या ओळखीचा आकडा होता. चारही शनिवार समोर तिने पंधराच हात बघितले होते. सोळावी जोडी समोर कधी नसायचीच, ती तिच्या स्वतःच्या मुठीत असायची. कंडक्टर उतारू मोजतो, स्वतःला मोजत नाही. पंधरा वर्षं तिने स्वतःला सोडून गाडी मोजली आणि एकदाही चुकली नाही. त्या दिवशीही स्वतःला सोडून मोजलं आणि तिच्याबरोबर जी होती तीही सुटली. तिचा हात रिकामा असता तर कदाचित तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं. पण हात भरलेला होता, त्या मुलाच्या कमरेभोवती. आणि बाकी तीस मुलांपैकी प्रत्येकाचा जोडीदार त्याच्याजवळ होता, त्यामुळे कुणाला कुणाची उणीव भासली नाही. शेपटी नाही असं सांगणारं एकच माणूस जगात होतं आणि ते गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारून ड्रायव्हरला म्हणत होतं, "चला, भरली."

शाळेत पोचून मुलं घरोघरी गेली. कंडक्टर आणि लांब्या खेळाच्या खोलीत सामान लावत बसले. दोर, झेंडे, आणि मुलांनी अंगावर घातलेल्या नंबराच्या बंड्या. ओल्या बंड्यांच्या घड्या करताना तीस भरल्या. एखादी गाडीत राहिली असेल, असं म्हणून तिने नंबर बघितले. एकतीस नंबरची नव्हती. ती बंडी मुलीला ढगळ व्हायची, म्हणून सकाळी तिनेच बाजूच्या नाड्या आवळून बांधल्या होत्या.

ती खाली सतरंजीवर बसली. 

"ताई? काय झालं?"

"ती माझी जोडी होती रे," ती म्हणाली. लांब्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

लांब्याच्या स्कूटरवरून दोघं निघाले.  खाणीपाशी तिने स्कूटर थांबायच्या आत उडी टाकली आणि जी वाट उतरायला वीस मिनिटं लागायची ती धावत चढली. मुलीला सोडून आता अडीच तास झाले होते.

मुलगी ओंडक्यापाशीच उभी होती. दहा पावलांवर दाट झाड होतं, त्याच्या आडोशालासुद्धा गेली नव्हती. स्वेटर पिळून काढावा इतका ओला, ओठ निळे. "बाई," ती म्हणाली, "मी हलले नाही." मग मान खाली घालून अगदी हळू म्हणाली, "लघवीलापण गेले नाही. मग... तिथेच झाली. कुणाला सांगू नका."

कंडक्टरने अंगातलं जाकीट काढून तिच्या कमरेभोवती गुंडाळलं. "नाही सांगणार," ती म्हणाली. तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. माझं चुकलं म्हणायचं होतं. पण मुलीने इतक्या घट्ट मिठी मारली की ते राहूनच गेलं. आणि जे तेव्हा राहिलं ते पुढे फार महाग पडलं.

घरी मुलीची आई नव्हती. ती एका बेकरीत पाव भरायचं काम करायची. कंडक्टरने मुलीला कोरडे कपडे दिले, पाणी तापवून पाय शेकले, पांघरुणात झोपवलं. आई आली तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "उशीर झाला. पोर भिजलीय, जपा." त्या माउलीने हात जोडले. "स्वतः घरापर्यंत आलात, बाई. कोण एवढं करतं आजकाल!" कंडक्टर ते आभार ऐकून घेऊन जिना उतरली.

मुलीला ताप भरला. तिला स्कूटरवरून ओलीचिंब येताना वर्गातल्या दोघांनी बघितलं होतं आणि मुलांना तोंडं असतात. गाडी तिला टाकून आली होती हे सोमवारी आईच्या कानावर गेलं आणि ती तडक शाळेत जाऊन उभी राहिली. बुधवारी मुख्याध्यापिकेच्या खोलीत बैठक बसली. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. टेबलाच्या एका बाजूला मोठ्या बाई आणि निरीक्षक सर, दुसऱ्या बाजूला आई, अंगात कणकण असलेली मुलगी, कंडक्टर आणि लांब्या. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. 'विद्यार्थिनी सूचनांकडे दुर्लक्ष करून मागे रेंगाळली. छात्रशिक्षकांनी तत्परतेने शोध घेऊन तिला सुखरूप घरी पोचवले.' त्या कागदात सगळ्यांची सोय होती. शाळेने माणूस पाठवलं नव्हतं ते झाकलं जात होतं, सर पाहुण्यांत होते ते झाकलं जात होतं. आणि कंडक्टरचं वर्ष वाचत होतं. फक्त मुलीच्या नावापुढे एक ओळ लागत होती, आणि बारा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे लागलेल्या ओळीचं कुणाला काय पडलंय!

"घाबरू नकोस," मोठ्या बाई मुलीला म्हणाल्या. "तू मागे का राहिलीस?"

मुलीने कंडक्टरकडे बघितलं. कंडक्टर टेबलावरच्या कागदाकडे बघत होती. मुलीने तिच्या चेहऱ्यावर काय वाचलं कोण जाणे. तिने मान वळवली आणि धडधडीत सांगितलं, "मीच राहिले. फुलं तोडत होते."

खाणीवर त्या दिवसांत औषधालाही फूल नव्हतं.

आईचा हात उठला आणि सगळ्यांदेखत मुलीच्या पाठीत बसला. "फुलं तोडतेस? मी तिकडे राबतेय आणि तू फुलं तोडतेस? या बाईंच्या जिवाला घोर लावलास!" मुलगी रडली नाही. आई कंडक्टरकडे वळून म्हणाली, "माफ करा हो बाई. घरीसुद्धा अशीच रेंगाळते."

कागद फिरत फिरत कंडक्टरपुढे आला. तिने सही केली. मी हे लपवणार नाही, कारण पुढे तिनेही लपवलं नाही. तिने पेन घेतलं, वाचल्यासारखं केलं आणि सही केली.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ताटावर बसला होता, घास तसाच हातात राहिला. मग तो ताटात परत ठेवून म्हणाला, "पोरीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं ना?"

"म्हणूनच तर."

"हे बघ, एकच पाठ राहिलाय. वर्षभर काय काय केलंस ते मी बघितलंय. आता उगाच शेण खाऊ नकोस."

"ते खाऊन झालंय," ती म्हणाली. "आजच."

त्याने ताट बाजूला सारलं. त्याला तिची बाजू कळत नव्हती असं नाही. पण त्याला त्या आठशे मीटरच्या पहाटाही दिसत होत्या. दोन्ही दिसत असलेल्या माणसाने काय बोलावं?

सहाव्या शनिवारी आकाश स्वच्छ होतं. निरीक्षक सर वेळेवर आले, हातात गुणांचा तक्ता. आज शाळेचे दोन शिक्षकही हजर. एकदा हात पोळले की सगळे नियम आठवतात. मुलं गाडीतून उतरली, बंड्या घातल्या. लांब्याने लांब शिट्टी मारली. हात वर आले. कंडक्टरने मोजलं. पंधरा जोड्या, तीस मुलं, उरलं कुणीच नाही.

"ती कुठे आहे?" तिने शिक्षकांना विचारलं.

"कोण, शेपटी? तिला आणलेलं नाही. बेशिस्तीबद्दल उरलेल्या सत्रात मैदान बंद केलंय मोठ्या बाईंनी. वर्गात बसून धडा लिहितेय."

मुलं उभी होती, हात अजून वरच. एका मुलीने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. "फुलं," एवढा शब्द कंडक्टरच्या कानावर आला. सर म्हणाले, "चला बाई, सुरुवात करा. हिशेब किती छान जुळलाय आज. पंधराच्या पंधरा."

ती पुढे गेली. मागे राहणारी बाई पहिल्यांदाच मुलांच्या समोर जाऊन उभी राहिली.  

"हात खाली करा," ती म्हणाली. "मला काहीतरी सांगायचंय. गेल्या शनिवारी ती मागे रेंगाळली नव्हती. मी तिला म्हणाले, इथे थांब, मी आलेच. ती थांबली. मी आले नाही. मी विसरले. ती माझी जोडी होती आणि मी स्वतःची जोडीच मोजली नाही. अडीच तास ती पावसात एका जागी उभी होती. तुमच्यापैकी कुणाला जमलं असतं का सांगा. मला नसतं जमलं."

 मुरगळलेल्या पायाचा मुलगा पुढच्याच रांगेत होता. त्याने विचारलं, "मग बाई, तिने फुलं तोडत होते असं का सांगितलं?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "माझी परीक्षा बुडू नये म्हणून. आणि मी तिला तसं बोलू दिलं. तिथे मी तोंड उघडलं नाही आणि खोट्या कागदावर सहीसुद्धा केली. तिच्याबद्दल जे हसताय ना, ते माझ्याबद्दल हसा."

लघवीचं मात्र ती बोलली नाही. तो शब्द तिने दिला होता आणि तो मोडायचं कारण नव्हतं.

सरांचा चेहरा उतरला. तिला बाजूला घेऊन ते दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, काय केलंत हे? मिटलं होतं ना सगळं? आता मला लिहावं लागेल. तुमचं वय माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये सर. लिहा."

"माझंही नाव येणार त्यात."

"येऊ दे की," ती म्हणाली. त्यात चीड नव्हती. मग तिने लांब्याला सांगितलं, "पाठ तू घे. मागे राहा, आणि मोजताना स्वतःला धरून मोज." आणि ती शहराकडे चालत निघाली. शाळेत पोचायला तिला दीड तास लागला. वर्गात एकटी मुलगी धडा उतरवून काढत होती. कंडक्टर तिच्याशेजारी बाकावर बसली आणि खाणीवर काय बोलली ते सांगितलं.

मुलीने ऐकून घेतलं. तिला आनंद होईल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्हाला त्या वयाची पोरं माहीत नाहीत. तिचे डोळे भरून आले. "मी तुमच्यासाठी बोलले होते," ती म्हणाली. "आई मारणार हे मला माहिती होतं, तरी बोलले. तुम्ही ते फुकट घालवलंत." तिने वहीत डोकं घातलं ते पुन्हा वर काढलं नाही.

पुढचं थोडक्यात. मुलीचं मैदान पुन्हा सुरू झालं, मोठ्या बाईंना तसं करणं भागच होतं. सरांना लेखी समज मिळाली. लांब्या पास झाला. कंडक्टरचं वर्ष रद्द झालं. दोन महिन्यांनी तिला अडतीस पूर्ण झाली आणि ती पुन्हा डेपोत गेली. खुर्ची अजून रिकामीच होती, टाचण्याही होत्या तिथेच होत्या.

त्यानंतर एका संध्याकाळी दार वाजलं. मुलीची आई होती, बेकरीतून थेट आलेली, बाह्यांवर पीठ. बसा म्हटलं तर बसली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

"मी तिला त्या दिवशी मारलं," ती म्हणाली. "घरी नेऊन परत मारलं. अंगात ताप होता तरी मारलं. मला काय माहिती, हो? तुम्ही तिथेच बोलला असतात तर?"

 नवरा आतून पाण्याचा पेला घेऊन आला आणि दोघींना बघून तसाच उभा राहिला.

"मी भांडायला नाही आले," आई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "पुढच्या आठवड्यात त्यांची पुन्हा खाणीवरची फेरी आहे. नवीन बाई आल्यात. सगळ्यांच्या जोड्या झाल्या, हिलाही दोघींत घातलं होतं तिसरी म्हणून. ही ऐकेचना. म्हणते, मला जोडीदार आहे, माझ्या बाई येतील. शाळेतून मला बोलावणं आलं. घरी समजावलं, तर म्हणते, त्या मागच्या वेळीही उशिरा आल्या होत्या, पण आल्या होत्या." तिने पदराने बाह्यांवरचं पीठ झटकलं. "काय सांगू तिला?"

कंडक्टरने दाराची चौकट धरली. चालत्या बसमध्ये तिने कधी कशाला धरलं नव्हतं.

"सांगा, नाही येणार," ती म्हणाली. "तिला म्हणावं, त्या दोघींचा हात धर. थांबू नकोस माझ्यासाठी."

आईने मान डोलावली आणि जिना उतरून गेली.